बेहड्यावरचा ककणेर

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

आमच्या हॉस्टेलवर पहाटे साडेपाचला जागी असणारी माणसं दोनच प्रकारची. ज्यांचं सबमिशन राहिलंय ती, आणि मी. पहिल्या प्रकारातली झोपलेलीच नसतात, एवढाच काय तो फरक. गळ्यात दुर्बीण अडकवून मी मेसमागच्या उंबराकडे निघालो की गेटवरचे वॉचमन मामा "निघाले सलीम अली!" अशी हाळी देतात. सलीम अली कोण हे त्यांना मीच एकदा सांगितलं होतं, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

तर, कॅम्पसवरची माझी यादी ५८ पक्ष्यांवर येऊन अडकली होती. तांबट, दयाळ, हळद्या, लायब्ररीच्या गच्चीतलं पिंगळ्याचं जोडपं, सगळं झालं. आणि हे रूमवर कुणाला ऐकवायची सोय नाही. माझा रूममेट रत्नागिरी जिल्ह्यातला. विंगमध्ये त्याला सगळे 'कोकण' म्हणतात. एका सरांनी हजेरी घेताना तेच नाव घेतलं आणि त्यानं "प्रेझेंट सर" म्हटलं, तेव्हापासून ते कायमचंच झालं. कोकणला पक्ष्यांत काडीचा रस नाही. फेब्रुवारीत एका रात्री मी पुस्तकातलं मलबार पाइड हॉर्नबिलचं चित्र बघत बसलो होतो आणि तो जर्नल उतरवत होता. मान वळवून त्यानं एकदा चित्राकडे बघितलं.

"हा ककणेर. आमच्या बेहड्यावर असतो."

"असतो म्हणजे?"

"म्हणजे असतो. दर वर्षी. आजोबांना विचार."

आणि परत जर्नल. ज्या पक्ष्यासाठी लोक कॅमेरे घेऊन दांडेलीपर्यंत जातात, तो याच्या घरामागे 'असतो'!

इथे थोडं नावांबद्दल. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, पक्षीही इंग्रजीतूनच शिकलो. मुंबईत शाळेच्या नेचर क्लबनं आम्हाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या 'हॉर्नबिल हाउस'मध्ये नेलं होतं. तिथे विल्यमची गोष्ट ऐकली. विल्यम म्हणजे सोसायटीच्या कचेरीत १८९४ ते १९२० अशी सव्वीस वर्षं राहिलेला मोठा धनेश. सोसायटीच्या बोधचिन्हावर आजही धनेशच आहे. तेव्हापासून हॉर्नबिल हा शब्द डोक्यात बसला. मराठी पुस्तकात तोच 'धनेश', त्यातल्या या जातीला 'मलबारी कवड्या धनेश'. आणि कोकणच्या गावात ककणेर. तीन नावांचा एकच पक्षी, आणि मी तो एकाही नावानं प्रत्यक्ष बघितलेला नव्हता.

एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीला शनिवार-रविवार जोडून सुट्टी काढली आणि कोल्हापूरहून रत्नागिरी गाडी पकडली. आंबा घाट उतरून साखरपा, तिथून देवरुख, देवरुखहून वस्तीची गाडी. गावाचं नाव लिहीत नाही. ढोलीचा पत्ता छापायचा नाही हा पक्षिनिरीक्षकांचा जुना नियम आहे, आणि तो बरोबर आहे. झाडाखाली दहा माणसं जमली तर नर चारा घेऊन जवळच येत नाही, आणि आत कोंडलेल्या मादीला बाहेर येऊन चौकशी करता येत नाही.

सह्याद्रीच्या पायथ्याला, तीन बाजूंनी रान असलेली वाडी. चाळीसेक घरं, त्यातल्या निम्म्यांना कुलपं. कुलपांचे मालक मुंबईला, ते मे महिन्यात येणार. रात्री गाडी उभी राहून ड्रायव्हरनं इंजिन बंद केल्यावर जी शांतता झाली, ती हॉस्टेलच्या माणसाला जरा जडच गेली. मला वाटलं कान बंद झाले.

पहाटे आजोबा तयार होते. वय ऐंशीच्या आसपास, कमरेला कोयती, पायात काही नाही. त्यांनी आधी आमची तपासणी केली. कोकणनं टेकफेस्टचा भगभगीत केशरी टीशर्ट घातला होता. आजोबा म्हणाले, "ह्यो घालून वरातीत जा." त्याला जाऊन बदलावा लागला. माझा खाकी शर्ट पास झाला, बूट मात्र नापसंत. "लय वाजतात." दिवसभर मी पाय उचलून चोरासारखा चालत होतो.

गावाबाहेर पडेपर्यंतच वही उघडावी लागली. पावशा भर अंधारातच सुरू झाला होता. 'पेरते व्हा, पेरते व्हा' असं तो सांगतो म्हणतात. एप्रिलपासूनच त्याचं हे चालू असतं, पेरणीला दीड महिना असला तरी. आमच्या सबमिशनच्या नोटिसा लावणाऱ्यांची आठवण झाली. मग 'कुटरूक, कुटरूक' करत पांढऱ्या गालाचे तांबट, एकानं थांबवलं की दुसरा, डोंगरभर. वहाळाच्या काठी रानकोंबडा ओरडला. हा राखी रानकोंबडा, आपल्या गावठी कोंबड्यासारखी पूर्ण बांग देत नाही, मध्येच कुणीतरी तोंड दाबल्यासारखी तोडतो. दिसला नाही. आजोबांनी ओल्या मातीतले पाय दाखवले, म्हणाले आत्ताच गेलाय.

भृंगराज मात्र दिसला आणि तोही मनसोक्त. काळा कुळकुळीत, शेपटीतून दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसाचं एकेक पान. उडताना ही दोन पानं मागून दोन माशा पाठलाग करताहेत अशी दिसतात. हा नकला करणारा पक्षी. मी सर्पगरुडाचा आवाज ऐकून पाच मिनिटं आकाश धुंडाळत होतो, आजोबा शांतपणे समोरच्या ऐनाकडे बोट दाखवून उभे. तिथे भृंगराज बसून सर्पगरुडाची शीळ घालत होता. त्यानं मग मांजरही करून दाखवलं! कोकण पहिल्यांदाच हसला. म्हणाला, "च्यायला, हा तर आपल्या गॅदरिंगला पाहिजे."

तासाभरानं रान संपलं. म्हणजे पुढे होतं, पण मध्ये एक उघडा उतार आला. चार-पाच एकराचा असेल. कापलेले बुंधे आणि प्रत्येक बुंध्यातून फुटलेले आठ-दहा धुमारे, छातीएवढे वाढलेले. ऐन, किंजळ, मध्ये घाणेरीची जाळी. पक्षी इथेही होते, बुलबुल, वटवटे, शिंजीर, उलट रानापेक्षा इथे ते सहज दिसत होते. मी वहीत भराभर लिहीत होतो. कोकण एका बुंध्यावर बसला, बाटलीतलं पाणी प्यायला आणि म्हणाला,

"ही माझी फर्स्ट इयर."

मला आधी कळलंच नाही.

"फर्स्ट इयरची फी. डिपॉझिट, मेसचे आगाऊ, ड्रॉइंगचं सामान, सगळं. हा उतार दिला तेव्हा."

त्यानं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. आपण 'हे आमचं जुनं घर' म्हणून दाखवतो तसं सांगितलं. मग वाटेत त्यानं सगळी पद्धत समजावली. कोकणात बरंचसं रान सरकारचं नाही, लोकांच्या खासगी मालकीचं आहे. दहा-पंधरा वर्षांनी एकेक तुकडा व्यापाऱ्याला उक्ता द्यायचा. तो माणसं आणतो, तोडतो, ट्रक भरतो. चांगलं लाकूड वखारीला, बाकीचं जळाऊ. बुंधे परत फुटतात, परत दहा-पंधरा वर्षं थांबायचं. त्याच्या आत्याचं लग्न, घरावरचे पत्रे, आजीचं ऑपरेशन, प्रत्येकाचा एकेक उतार आहे. आपल्याकडे फिक्स डिपॉझिट असतं तसं. फक्त आपल्या एफडीमध्ये कुणी राहत नाही.

स्कॉलरशिप नाही का, असं मी विचारलं. आहे की. येते. पण येते तेव्हा येते, आणि मेसवाला पाच तारखेला मागतो. तुम्ही हॉस्टेलवर राहत असाल तर हे वेगळं सांगायला नको.

मी त्याच्याबरोबर दोन वर्षं एका खोलीत राहतोय. त्याची इंजिनिअरिंग मेकॅनिक्सची केटी, त्याचं घोरणं, त्याच्या डब्यातल्या आमसुलांची संख्या, सगळं मला पाठ आहे. फीच्या रांगेत तर आम्ही पुढे-मागे उभे होतो. माझे पैसे बाबांच्या अकाउंटमधून एका मिनिटात गेले होते.

उघडा उतार ओलांडून वरच्या रानात शिरलो आणि गारवा लागला. अंजनी निळी फुलली होती, खाली पानांचा जाड थर. आजोबांनी हात वर करून आम्हाला थांबवलं आणि करवंदीच्या जाळीमागे बसवलं. समोर ऐंशी-नव्वद फुटांवर बेहडा. सरळ, राखाडी, खाली दोघांच्या कवेत मावणार नाही एवढा. तीस-पस्तीस फुटांवर जुनी फांदी कधीतरी मोडलेली, तिथे ढोली. ढोलीचं तोंड लिंपलेलं, आणि मध्ये उभी चीर. दुर्बिणीतून ती चीर फार तर दोन बोटं रुंद वाटली.

आता हे ढोलीचं प्रकरण नीट सांगायला हवं, कारण मेकॅनिकलच्या माणसालाही यात शिकण्यासारखं आहे. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. ते काम सुताराचं. धनेशाला जुन्या झाडात आपोआप झालेली पोकळी लागते, फांदी मोडून, आतून कुजून, वर्षानुवर्षं मोठी झालेली. मादी आत जाते आणि आपली विष्ठा, फळांचा चोथा, माती असं वापरून दार आतून लिंपून घेते. बाहेर फक्त चोच येईल एवढी चीर. मग अंडी, पिल्लं, सगळं मिळून सुमारे तीन महिने तिचा मुक्काम आत. बहुतेक धनेशांच्या माद्यांची उडायची पिसंही याच काळात गळतात, म्हणजे मनात आणलं तरी उडता येणार नाही. या सबंध काळात तिचं आणि पिल्लांचं खाणं एकटा नर आणतो. त्याला काही झालं, तर आतल्यांचं अवघड आहे. कुठल्याही सिस्टिमला असा एकच सप्लाय ठेवू नये असं आम्हाला शिकवतात. यांनी तो ठेवलाय आणि शेकडो पिढ्या चालवून दाखवलाय. आणि स्वच्छतेचं म्हणाल तर आतली मंडळी चिरेला पाठ लावून विष्ठा बाहेर पिचकारीसारखी उडवतात. आमच्या विंगच्या बाथरूमपेक्षा ही व्यवस्था उजवी आहे, रेक्टर सरांनी गैरसमज करून घेऊ नये.

सात पन्नासला आजोबांनी माझ्या मनगटाला बोट लावलं. आधी पंखांचा आवाज आला, सूपभर धान्य कुणी लांबून पाखडतंय तसा. मग तो बेहड्याच्या शेजारच्या झाडावर उतरला.

पुस्तकातलं चित्र खोटं असतं असं नाही, पण चित्राला वजन नसतं. हा फांदीवर बसला आणि फांदी खाली गेली. घारीएवढा पक्षी, काळी पाठ, पोट पांढरं स्वच्छ, पिवळसर चोच, चोचीवर होडी उपडी घातल्यासारखं शिंग आणि शिंगावर मोठा काळा डाग. डोळा लाल. पाच मिनिटं तो नुसता बसून सगळीकडे बघत होता. आम्ही तिघं श्वास धरून. मच्छर माझ्या कानावर बसून जेवत होता, जेवू दिलं.

मग तो ढोलीपाशी गेला, शेपटी खोडाला टेकून लटकला आणि मान जरा झटकली. चोचीच्या टोकाशी एक लाल उंबर. चिरेतून आतली चोच आली, उंबर गेलं. परत मान झटकली, परत उंबर. गळ्यातून एकेक काढून देत होता. मी मोजलं, एकतीस! एकतीस उंबरं तो पोटात भरून, एकही न चिरडता घेऊन आला होता. शेवटी एक काळपट तुकडा दिला, सालीचा असावा. तो तिनं घेतला नाही, खाली पडला. मग तो उडाला.

कोकण माझ्याकडे बघून कुजबुजला, "हे मी कधी बघितलंच नव्हतं रे." एकवीस वर्षांचा होईस्तोवर घरामागच्या झाडावर. त्याला दुर्बीण दिली ती त्यानं परत दिलीच नाही.

नऊ-पाचला दुसरी खेप, चौदा फळं आणि एक सरडा. दहा-चाळीसला तिसरी. मधल्या वेळात आजोबा हळू आवाजात बोलत होते. हे झाड त्यांना त्यांच्या वडिलांनी दाखवलं. "माज्या बापाशीनं दाखवलान. तवा बी ढोली हीच." पूर्वी माडगरुडही यायचा, म्हणजे मोठा धनेश, विल्यमचा जातभाई. त्याच्या पंखांचा आवाज ऐकून गुरं कान टवकारायची. तो आता वर घाटातच कधी दिसला तर. बेहड्याच्या खाली बघ, म्हणाले, काजऱ्याची रोपं किती उगवलीत ती. खरंच, विष्ठेतून पडलेल्या बियांची खाली दाट नर्सरी होती. काजरा इथे जवळपास नाही, तो वहाळापलीकडे. म्हणजे ती रोपं यानंच तिथून आणून लावलेली.

तिसऱ्या खेपेनंतर नर गेला आणि कोकण दुर्बिणीतून चीर बघत बघत खोडावरून खाली आला. आणि थांबला.

"आजोबा, ह्या कोणी लिहिलान?"

मी दुर्बीण घेतली. खोडावर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, लाल ऑइलपेंटनं आकडा. ४१.

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांना माहीत होतं. येताना ते आम्हाला मुद्दाम वरच्या अंगानं घेऊन आले होते, खालच्या वाटेवर एकपासून चाळीसपर्यंतची झाडं असणार.

दुपारी घरी पोचलो. तांदळाची भाकरी, कुयरीची भाजी, कुळथाची पिठी, सोलकढी. इतकं चांगलं जेवण आणि कुणी बोलत नाही. कोकणचे बाबा देवरुखला रिक्षा चालवतात, जेवायला आले होते. शेवटी कोकणनंच विषय काढला.

"बाबा, वरचं रान दिलंत?"

"दिलं नाय अजून. आकडे टाकून गेलाय. सगळ्यांच्या सह्या होऊ देत."

सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. आजोबांची, त्यांच्या भावांच्या मुलांची, कुणी गिरगावात, कुणी डोंबिवलीत, कुणी विरारला. अकरांच्या सह्या झाल्याशिवाय व्यापारी पैसे सोडत नाही. आठ झाल्या होत्या. पावसाच्या आधी तोड करायची, पाऊस लागला की ट्रक वर चढत नाही.

"पण ककणेर?" मी विचारलं. पाहुण्यानं विचारू नये असा प्रश्न होता, पण विचारला.

काका माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "बाळा, ककणेर मला पण माहीत आहे. ह्यांनीच दाखवलाय. पण मला दोन पोरं आहेत, ह्याचं शेवटचं वर्ष राहिलंय, धाकट्याची बारावी. रिक्षावर घर चालतं, हॉस्टेल चालत नाही. माझा एकट्याचा बेहडा असता तर ठेवला असता. अकरा जणांचा आहे. डोंबिवलीवाल्याला ककणेराशी काय?"

तोडल्यावर तिथे काजू लावायचा विचार आहे. वेंगुर्ल्याची कलमं मिळतात, वेंगुर्ला चार, वेंगुर्ला सात, तीन-चार वर्षांत धरायला लागतात. मग दर वर्षी पैसा, पंधरा वर्षं थांबायला नको. हिशेब मी मनात करून बघितला. इकॉनॉमिक्सच्या पेपरात हा प्रश्न आला असता तर मीही काजूच लिहिला असता.

कोकणनं विचारलं, परवानगी लागत नाही का? लागते. १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, त्यात सोळा जाती नेमून दिलेल्या आहेत. आंबा, फणस, ऐन, किंजळ, हिरडा सगळे त्यात. पण बेहडा नाही. औषधाच्या दुकानात हिरडा-बेहडा कायम जोडीनं येतात, त्रिफळा म्हणून. कायद्यात हिरडा एकटाच आला. गंमत म्हणजे बेहड्याला लाकूड म्हणून फारशी किंमतही नाही, खोक्यांच्या फळ्या नाहीतर सरपण. एक्केचाळीस नंबर हा त्या लॉटमधला बहुतेक सगळ्यात स्वस्त नंबर असेल.

आजी तेवढ्यात म्हणाली, "मग तेवढा एक सोडा की." सगळे तिच्याकडे बघायला लागले. काका म्हणाले, व्यापाऱ्याशी बोलून बघतो, एक झाड सोडायला तो नाही म्हणणार नाही.

मला बरं वाटलं, आणि अर्ध्या मिनिटानं कमी वाटायला लागलं. एक झाड सोडलं तर ढोली राहते. पण एकतीस उंबरं कुठून येणार? त्या रानातली उंबरं, पिंपर्‍या, काजऱ्याची वाट, सगळं त्या आकड्यांत आहे. आणि उघड्या उतारावर एकट्या उभ्या राहिलेल्या जुन्या झाडाला पावसाळ्यातला वारा किती वर्षं ठेवील? आतून पोकळ असलेला खांब वाऱ्याला कसा वागतो हे आम्हाला थिअरी ऑफ स्ट्रक्चर्स नसली तरी कळतं. शिवाय पंधरा वर्षांच्या पाळीनं तोडलेल्या रानात नवी ढोली कधीच तयार होणार नाही. ढोली व्हायला झाड आधी म्हातारं व्हावं लागतं. पण हे सगळं मी जेवणाच्या पाटावर बोललो नाही. त्या घराचं मीठ खात होतो, आणि काकांपुढच्या हिशेबात ज्याची फी लिहिली होती तो माझ्या शेजारी बसून ताक पीत होता.

संध्याकाळी आम्ही दोघंच परत वर गेलो. कोकणनं यावेळी न सांगता बूट काढून ठेवले होते. साडेपाचला एक खेप, सहा-वीसला शेवटची. मी वेळ लिहीत होतो आणि तो मोजत होता. बावीस. नर गेल्यावर चिरेतून आतली चोच बराच वेळ बाहेर होती. पश्चिमेचं ऊन नेमकं तिच्यावर पडलं होतं. हरियलांचा थवा वरून गेला, हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी, एरवी मी उठून उभा राहिलो असतो. त्या दिवशी वहीत नुसतं '११' लिहिलं.

उतरताना तो म्हणाला, "एज्युकेशन लोन काढलं तर किती व्याज पडतं रे?" मला माहीत नव्हतं. मग अंधार होईपर्यंत आम्ही मोबाइलवर, रेंज येईल त्या धोंड्यावर उभं राहून, तेच बघत होतो. लोन काढलं तरी बाकीचे दहा जण रान द्यायचे थांबतील असं नाही, हे त्यालाही कळत होतं. "निदान माझ्यासाठी नको," एवढंच तो म्हणाला.

दिवसाची यादी ४७ झाली. त्यातले १९ मला नवीन. यादी या अंकात छापायची कल्पना संपादकांनी सुचवली होती, पण मग लेखाला जागा उरली नसती.

पुढचं थोडक्यात. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोकणला घरून फोन आला, आजोबांचा. लिंपण फुटलंय. बेहड्यावर सकाळी तीन बसले होते, त्यातल्या एकाचं शिंग अजून नीट उगवलेलंही नव्हतं. आजोबा फोनवर इतके जोरात बोलत होते की मला खाटेवरून सगळं ऐकू येत होतं. त्याच आठवड्यात पाऊस लागला आणि यंदाची तोड राहिली.

आता जुलै आहे. कोकणच्या लोनची फाइल बँकेत आहे, जामीनदार म्हणून त्याचे मामा तयार झालेत. सह्या दहा झाल्या. अकरावी विरारच्या काकांची. ते गणपतीला गावी येतात.